लोकेशन प्लीज!

परवा शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे रिलीज एकदाचं पार पडून मी लॅपटॉप मिटत होतो तेव्हा, आमच्या पक्षीवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. गवताळ माळावर ऐटीत उभा असलेला धाविक, आणि त्याच्या पायाशी एवढंसं पिल्लू. फोटो सुरेखच होता. टाकणाऱ्याने खाली इतकंच लिहिलं होतं, "आज सकाळी. पुणे परिसर." पुढच्या चार मिनिटांत (मी मोजली. सवय वाईट!) सात जणांनी अंगठे दाखवले आणि नऊ जणांनी एकच प्रश्न विचारला: "लोकेशन प्लीज?"

मग व्हायचं तेच झालं. एका ज्येष्ठांनी नियम आठवून दिला की घरट्याचे आणि पिल्लांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यावर एकाने विचारलं, मग बाकीच्यांना जळवायला टाकला का? तिसरा म्हणाला, पक्षी काय कुणाच्या बापाची इस्टेट आहे? चौथ्याने हात जोडलेल्या बाहुल्या टाकल्या. रात्री दीडपर्यंत हाणामारी चालू होती आणि दोघांनी ग्रुप सोडला. (त्यातला एक सकाळी परत आला. चहाला सगळे एकाच टपरीवर भेटतात, जाणार कुठे?)

या भांडणात मी एक अक्षर बोललो नाही. मला मत नाही असं नाही, चांगलं दोन वर्षं शिजलेलं मत आहे. पण ते ग्रुपवर टाईप करायचं तर आधी एक जुनी गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती रात्री बारा वाजता अंगठ्याने टाईप होण्यासारखी नाही. म्हणून आज इथे लिहितोय.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना खिडकीसमोरच्या उंबरावर तांबट दिसला. त्याचं नाव शोधायच्या नादात शिंजीर, दयाळ, कोतवाल असे एकेक ओळखीचे होत गेले आणि मी वाया गेलो. मग दुर्बीण आली. मग 'लायफर' हा शब्द कळला. लायफर म्हणजे तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली पक्ष्याची जात. पहिली शंभर पटापट होतात. कवडीच्या नदीकाठावर दोन सकाळी, भिगवणला एक होडीची फेरी, सिंहगडाच्या पायथ्याशी एक रविवार, की झालं. खरा त्रास दीडशेच्या पुढे सुरू होतो. तिथून पुढचा प्रत्येक पक्षी एकतर नशिबाने मिळतो नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून. आणि नशिबावर अवलंबून राहायचं तर आठवड्याला सुट्ट्या फक्त दोन! त्यामुळे "कुणीतरी सांगणं" या गोष्टीला आमच्या जगात भलतंच मोल आहे. ज्याच्याकडे जागा आहेत त्याला मान आहे. मीही असा मान मिळवायला उत्सुक होतो, हे आधीच सांगून टाकतो.

तर २०२३ चा जानेवारी. पुण्याच्या पूर्वेला एका गावाजवळ (नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच) एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथे संध्याकाळी उन्हं उतरताना मला कपारीत दोन नारिंगी डोळे दिसले. शृंगी घुबड. चांगलं दीड-पावणेदोन फूट उंचीचं, कानाजागी पिसांची दोन शिंगं, आणि माझ्याकडे असं बघत होतं की मीच काहीतरी बेकायदेशीर करतोय. दुर्बीण नीट लावली तेव्हा कळलं की ते उठत का नाहीये. बसलं होतं अंड्यांवर. हे पक्षी काडीकाडी जमवून घरटं बांधत नाहीत. खडकातल्या उघड्या पट्टीवर, मातीतच अंडी घालतात. तीन-चार अंडी, आणि मादी महिनाभराहून थोडं जास्त ती उबवत बसते.

मी लांब होतो, चांगला साठ-सत्तर पावलं. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून चार फोटो काढले आणि निघालो. खालच्या शेतातले एक दादा बांधावर बसले होते. ते म्हणाले, "घुबाड बघाया आला व्हय? ते हितं लई वर्सांचं हाय. रातच्याला घुमतं." मला गंमत वाटली. ज्याला मी माझा शोध समजत होतो तो त्या माणसाचा शेजारी होता.

घरी येऊन मी ग्रुपवर फोटो टाकला. आता मी काही अगदीच बावळट नव्हतो. घरट्याची जागा सांगू नये हे मला माहीत होतं. म्हणून मीही तेच लिहिलं: "पुणे परिसर." नऊ-दहा जणांनी विचारलं, मी हसरा चेहरा टाकून गप्प बसलो. (खोटं कशाला बोलू, त्या गप्प बसण्यात जी मजा होती ती फोटो टाकण्यात नव्हती.) फक्त एक केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो, पिसांची नक्षी जाते. कुणीतरी म्हणालं, ओरिजिनल पाठव ना. मी तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला.

तुमच्यातल्या आयटीवाल्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्यातली आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते, आणि मोबाइलने काढलेल्या फाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ, तारीख आणि जागा. अगदी त्या खाणीच्या कडेचा माझा उभा राहायचा दगड. मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमध्ये "युजरची माहिती बाहेर गळतेय" असे शेरे मारणारा माणूस!

मला हे पुढच्या रविवारी कळलं. आपलं घुबड बघायला म्हणून परत गेलो तर खाणीच्या रस्त्यावर सहा गाड्या. कडेवर तिपाया. दोन जण तर समोरच्या उतारावरून पार कपारीच्या पातळीला उतरले होते. मी त्यातल्या एकाला विचारलं, तुम्हाला जागा कुणी सांगितली? तो अगदी मनापासून हसला. "अहो तुमच्याच फाइलमध्ये होती की! थँक्स हां." त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्याला खरंच वाटलं होतं की मी मुद्दाम दिली.

मादी कपारीत नव्हती. समोरच्या बाभळीत कुठेतरी बसून राहिली असणार. वर दोन डोमकावळे घिरट्या घालत होते. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही, काकांना लागला. काका म्हणजे आमच्या ग्रुपमधले बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "अरे, ती उठली की अंडी उघडी. कावळ्याला पाच मिनिटं पुरतात." तिसऱ्या रविवारी मी एकटाच गेलो. कपारीत काहीच नव्हतं. खालचे दादा बांधावरच होते. म्हणाले, "तुमी लोक येऊन गेला अन् ते बी गेलं."

कावळ्यांनीच अंडी नेली की आणखी कुणी, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. घुबडांवर टपलेली माणसंही असतात. त्यांच्या बेकायदा व्यापारावर 'ट्रॅफिक' या संस्थेचा २०१० साली अहवाल आला होता, त्यात जादूटोण्यासाठी होणारी पकड आणि दिवाळीच्या सुमारास येणारी तेजी हे सगळं आहे. पण इथे तसल्या माणसांची गरजच पडली नाही. आम्हीच पुरे होतो. सगळे सुशिक्षित, सगळे निसर्गप्रेमी, आणि बहुतेकांच्या गाडीवर वाघ वाचवण्याचं स्टिकर. नंतर कायदा काढून वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. म्हणजे बंदूक, सापळा काही नको. तिपाई घेऊन कपारीसमोर उतरलात तरी कायद्याच्या शब्दांत तुम्ही शिकारी. मग मी कोण?

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की बहुतेक लोक मान हलवतात आणि म्हणतात, बरोबर, म्हणूनच कुणाला काही सांगू नये. मीही तेच ठरवलं होतं. ईबर्डवरची माझी त्या दिवशीची यादी मी डिलीट केली. (ईबर्ड म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेली नोंदवही. आज जगभरचे पक्षीवाले आपापल्या याद्या तिथे भरतात.) काकांनी आपल्या डायरीत चार ओळी लिहिल्या आणि डायरी कपाटात ठेवली. त्यांच्याकडे अशा बावीस डायऱ्या आहेत. पुण्याच्या आसपास कुठे कोणत्या साली काय दिसलं, सगळं त्यात आहे आणि बाहेर कुठेही नाही. "लोक नालायक आहेत रे" हे काकांचं पालुपद. दोन वर्षं मला ते शंभर टक्के पटत होतं.

मग २०२४ च्या डिसेंबरात त्या खाणीत राडारोड्याचे ट्रक रिकामे व्हायला लागले. दादांचा फोन आला. घुबडांची जोडी परत आली होती. दादा म्हणाले, मागल्या साली पलीकडच्या कपारीत पिल्लंबी झाली. आणि आता खाण बुजवून वर प्लॉटिंग होणार असं गावात चाललं होतं. मी आणि काका एक अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, काही वाईट बोलले नाहीत. फक्त विचारलं, "इथे हे पक्षी आहेत याची आधीची काही नोंद?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नोंद होती. एक मी माझ्या हाताने डिलीट केलेली, आणि एक काकांच्या कपाटात. काकांनी दुसऱ्या दिवशी डायरी नेऊन दाखवली. साहेबांनी ती चाळली आणि परत दिली. स्वतःच्या हस्ताक्षरातली, कुणी न तपासलेली डायरी. त्यांच्या जागी मी असतो तर मीही परतच दिली असती.

खाणीचा अर्धा भाग बुजला. उरलेला अजून आहे.

तेव्हापासून "सांगा" आणि "सांगू नका" ही दोन्ही टोकं मला सारखीच अडचणीची वाटतात. मूळ प्रश्नच चुकीचा विचारला जातोय असं माझं मत झालं आहे. पक्षी दिसल्याची माहिती सांगणं म्हणजे काय? त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत: काय दिसलं, नेमकं कुठे, आणि आत्ता आहे का. ग्रुपवर फोटो टाकून लोकेशन देताना आपण तिन्ही एकदम देतो. काकांच्या कपाटात तिन्ही एकदम कुलपात जातात. विज्ञानाला आणि त्या साहेबांना पहिल्या दोन हव्या असतात, तिसरीची फारशी गरज नसते. आणि तिपाईवाल्याला हवी असते ती नेमकी तिसरी! घुबड दोन वर्षांपूर्वी तिथे होतं या माहितीवर कुणी पेट्रोल जाळत नाही.

जागेची खरी नोंद किती महत्त्वाची असते याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८७३ मध्ये विज्ञानाला माहीत झालं, १८८४ पर्यंत मोजके नमुने गोळा झाले आणि मग गायब. त्यानंतरची म्हणून एकच नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलच्या नावावर. माणूस नामांकित होता, कोण कशाला शंका घेईल? पण नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासायला घेतले तेव्हा दिसलं की हा गृहस्थ दुसऱ्यांनी जमवलेले नमुने लांबवून त्यावर स्वतःची लेबलं लावायचा. मांडवीचा रानपिंगळासुद्धा तसाच, एकोणिसाव्या शतकातला चोरीचा माल. मग बाईंनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या लेबलांवर लिहिलेल्या जागा धरल्या आणि दोन सहकाऱ्यांबरोबर शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर पार मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलात.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती थेट डीबगिंगची वाटली होती. लॉगमधली एक खोटी ओळ सगळ्यांना भलत्या सर्व्हरवर शोधायला लावते. पण घुबडाच्या प्रकरणानंतर परत वाचली तेव्हा दुसरंच जाणवलं. १८८० च्या दशकात खानदेशात कुणा इंग्रज अधिकाऱ्याने लेबलावर गावाचं नाव आणि तारीख नीट लिहिली, म्हणून शतकानंतर तो पक्षी सापडला. त्याने "खानदेश परिसर" लिहून गप्प बसायचं ठरवलं असतं तर?

दुसरं उदाहरण सोलापूरचं. नान्नजच्या माळावर १९७२ मध्ये बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या पक्षीवेड्या गृहस्थांना माळढोक दिसले. त्यांनी ती बातमी कपाटात ठेवली नाही, जाणकारांपर्यंत आणि सरकारपर्यंत पोहोचवली. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. पुढे सगळं गोड झालं असं नाही. कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात गेलं, त्यात लोकांची शेतं नि गावं अडकली, तंटे झाले आणि माळढोक तर आज तिथे दिसेनासाच झाला आहे. पण त्या माळाकडे निदान माळ म्हणून बघितलं गेलं. नाहीतर गवताळ माळ म्हटला की सरकारी दप्तरात बरेचदा एकच शब्द असतो, पडीक जमीन. पडीक म्हटलं की तिथे प्लॉट पाडा, झाडं लावा, काहीही करा. धाविक, चंडोल, पखुर्डी, भोवत्या हे पक्षी तिथे राहतात हे कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय ती जमीन पडीकच राहते.

आणि लिहिलेलं वाया जात नाही. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला तो तीस हजारांहून जास्त पक्षीवाल्यांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा हिशोब मांडला, १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं, आणि माळरानावरचे पक्षी जोरात घसरताहेत हेही त्यात ठळकपणे आलं. या तीस हजारांत पगारी शास्त्रज्ञ किती असणार? बाकी सगळे आपल्यासारखेच, सोमवारी स्टँडअप मीटिंगला डोळे चोळत येणारे.

आता तुम्ही म्हणाल, मग तू काय सुचवतोस? माझं उत्तर आमच्या धंद्यातूनच आलेलं आहे. समजा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला मोठं भोक सापडलं. तुम्ही काय करता? लगेच जगजाहीर केलंत तर पहिला फायदा चोराचा. कुणालाच सांगितलं नाहीत तर भोक तसंच राहतं, आणि चोराला ते आज ना उद्या सापडतंच. म्हणून रीत अशी आहे की ज्याने ते दुरुस्त करायचं त्याला आधी गुपचूप सांगायचं, सगळा तपशील देऊन. ठराविक मुदत द्यायची. गूगलची 'प्रोजेक्ट झीरो' नावाची टीम साधारण ९० दिवस देते. आणि मुदत संपली की जाहीर करायचं, कारण बाकीच्यांना शिकायचं असतं. यात कुणी कुणाला नालायक म्हणत नाही. फक्त कुणाला काय आणि कधी, एवढं ठरलेलं असतं.

घुबडाचंही तसंच करता येतं. नोंद त्याच दिवशी करायची, जात, संख्या, तारीख, अचूक जागा सगळं लिहून. ईबर्डवर आपली यादी तात्पुरती लपवून ठेवायची सोय आहे. शिवाय काही संकटातल्या जातींची नेमकी जागा ईबर्ड स्वतःच लोकांना दाखवत नाही, माळढोक त्यातलाच. ज्याचा उपयोग होईल अशा माणसाला लगेच सांगायचं: खाणीखालच्या शेतातले दादा, वनरक्षक, या जातीवर काम करणारं कुणी असेल तर ते. आणि पिल्लं उडाली की यादी उघडी करायची. ग्रुपवरचा फोटोही तेव्हाच टाकायचा. चार महिने उशिरा अंगठे मिळाल्याने कुणी मेलेलं ऐकिवात नाही.

यावर एक आक्षेप येतो तो मी हसण्यावारी नेणार नाही. शुक्रवारच्या भांडणात एका नव्या मुलीने तो मांडला होता आणि तिला कुणीच उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, "गुप्त गुप्त म्हणता, पण तुम्ही सीनियर लोक आपापसात सांगताच ना? राहतो फक्त आम्हीच." शंभर टक्के खरं! "पुणे परिसर" लिहिणारा माणूस त्याच रात्री तीन मित्रांना पिन पाठवतो, ते आणखी तिघांना, आणि ज्यांच्याकडे भारी लेन्स आहे, गाइडला द्यायला पैसे आहेत, ते शनिवारी पहाटे हजर. गर्दी टळत नाहीच, फक्त ती ओळखीतल्यांची होते. म्हणून मी म्हणतो, मुदत सगळ्यांना सारखी हवी. काका असोत, ग्रुपचा अ‍ॅडमिन असो, की तुमचा जिवलग मित्र, घरटं चालू असताना पिन कुणालाच नाही. मग नव्या माणसाला वाईट वाटायचं कारण उरत नाही.

आणि सगळंच लपवायचंय असंही नाही हो. बहुतेक अनोळखी पक्षी अंडी घालायला आलेले नसतात, वाट चुकलेले किंवा दोन दिवस टेकलेले असतात. भिगवणला एखाद्या हिवाळ्यात करकोच्यांचा थवा उतरला, नदीवर नेहमी न दिसणारं बदक आलं, तर खुशाल सगळ्यांना सांगा, लगेच सांगा. काठ मोकळा असतो, पक्षी लांब पाण्यात असतो, आणि आणखी चार डोळ्यांनी बघितलं तर ओळख पक्की होते. हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय. मी एकदा मोठ्या थाटात लगड ससाणा नोंदवला होता. दोन दिवसांत तपासनिसाची नम्र ईमेल: आपण टिपणीत "हवेत एकाच जागी फडफडत राहिला" असं लिहिलं आहे, तो खरूची असेल का? मला असा राग आला जसा कोड रिव्ह्यूमध्ये पहिल्या वर्षी यायचा. फोटो मोठा करून बघितला. खरूचीच होती. मादी. गुपचूप दुरुस्ती केली. :) कुणाला सांगितलंच नसतं तर तो ससाणा अजून माझ्या यादीत मिरवत असता.

सीमारेषा कुठे, तर माझ्या मते घरटं, पिल्लं, घुबडं, रातवे, आणि एकाच फांदीवर रोज येऊन झोपणारं काहीही. जे तुम्ही उद्या गेलात तरी तिथेच सापडणार आहे, ते सांगायची घाई नको. पक्षी आवाजाच्या रेकॉर्डिंगने बोलावणारे आणि आळ्या टाकून फांदीवर बसवणारे हा वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर रविवार जाईल. असो.

शुक्रवारच्या धाविकाबद्दल मात्र सांगतो. धाविकाचं पिल्लू मातीच्याच रंगाचं असतं आणि भीती वाटली की पळत नाही, जागच्या जागी दबून बसतं. माळावर रस्ता नसतो, गाड्या कुठूनही जातात. नऊ "लोकेशन प्लीज" म्हणजे निदान चार गाड्या. तो फोटो टाकणारा मुलगा नवा आहे, बिचारा भांडण बघून घाबरला होता. मी त्याला खासगीत फोन केला. म्हटलं, कुणाला पाठवलंस? म्हणाला, "दादा, अजून कुणालाच नाही, पण तुम्हाला हवं तर पाठवतो." मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर नको म्हणायला दोन सेकंद लागले, कारण धाविकाचं पिल्लू मी अजून पाहिलेलं नाही. मग त्याला यादी कशी भरायची आणि लपवायची ते सांगितलं, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होतास का तेही विचारलं. नव्हता.

खाणीत या जानेवारीत परत अंडी होती. उरलेल्या अर्ध्या भागात, ट्रकच्या रस्त्यापासून लांबच्या कपारीत. मी एकदाच गेलो, लांबून बघितलं, दादांकडे चहा घेतला आणि आलो. नोंद आहे, तपशिलासकट आहे, वनरक्षकाला माहीत आहे. काकांनी बावीसपैकी चार डायऱ्या माझ्याकडे दिल्यात, दर रविवारी दुपारी मी दोन-दोन पानं ईबर्डवर चढवतोय. त्यांचं अक्षर भयंकर आहे. कालच अर्धा तास 'पखुर्डी' आहे की 'पारवा' यावर फोनवर वाद झाला.

दादांच्या म्हणण्याप्रमाणे दोन पिल्लं आता उडायला लागलीत, पण अजून खाणीच्या आसपासच असतात. यादी उघडी करायचं रिमाइंडर मी १५ जूनचं लावलंय. त्याआधी कमेंटमध्ये विचारू नका.